मैत्रिणीने सांत्वनही चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं

प्रिय ताई,

मी कराडजवळ राहते, वय ५३. गेली पंचवीस वर्षं इथल्या एका छापखान्यासाठी मजकूर लिहून देते. लग्नपत्रिका, मानपत्रं, पुण्यस्मरणाच्या जाहिराती, आणि संस्थांच्या अध्यक्षांच्या सहीने जाणारी शोकपत्रंसुद्धा.

मार्चमध्ये माझी आई गेली. दुसऱ्या दिवशी शाळेपासूनच्या मैत्रिणीचा व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज आला. आईचं 'प्रेमळ हास्य', 'मायेची उबदार सावली', 'त्यांच्या आठवणी सदैव तुझी वाट उजळत राहतील', असं बरंच काही. इतकं सुंदर की मी ते भावाला वाचून दाखवलं. ती तेव्हा रोज येतही होती. डबा आणायची, बाबांना बँकेत न्यायची, नगरपालिकेत दाखल्यासाठी तीच उभी राहिली. पुढे महिन्याभराने तिच्या मुलीच्या तोंडून सहज निघालं की आईने तो मेसेज चॅटजीपीटीकडून लिहून घेतला. कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तेव्हापासून मी तिच्याशी धड बोललेले नाही. एरवी तीच म्हणायची, 'तुला मेसेज करायचा म्हणजे मराठीचा पेपर, तू ऱ्हस्वदीर्घ काढत बसतेस.' तेव्हाच मला कळायला हवं होतं. माझी आई तर फारशी हसायचीही नाही, करारी बाई.

त्याच मशीनने माझं कामही नेलं. लोक मोबाइलवर मजकूर तयार करूनच प्रेसमध्ये येतात. मालक म्हणतात, 'तुम्ही नुसतं तपासून द्या, मजकुरामागे ५० रुपये देतो.' भाचा म्हणतो, 'मावशी, खरं सांगू? त्याच्या लिहिण्यात तुझ्यापेक्षा जास्त माया असते.' मागे एका एसटी वाहकांच्या निवृत्तीचं मानपत्र लिहायला मी दोन संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसले होते. मुक्कामी गाडीवर असताना ते तालुक्याहून गावातल्या म्हाताऱ्यांची औषधं आणून द्यायचे, हे त्यांच्या बायकोने सांगितलं, ते मी घातलं. समारंभात ते वाचलं गेलं तेव्हा बाई रडल्या. हे मशीनला जमेल का? मैत्रिणीचं काय करू, आणि कामाचं?

– शब्दांवर जगणारी

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र चार पानी आहे, इथे मी ते बरंच कापून छापलं आहे. चारही पानांवर मैत्रिणीचा मेसेज आहे, मशीन आहे, प्रेसचे मालक आहेत. आई मात्र एकाच ओळीत येते, 'फारशी हसायचीही नाही, करारी बाई.' मला वाटतं, सगळं दुखणं त्या ओळीत आहे.

तयार शब्दांत सांत्वन किंवा कौतुक करणं आपल्याला नवं नाही. तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. तोवर शुभेच्छांच्या तारेसाठी क्रमांक घातलेल्या तयार वाक्यांची यादी असायची. दिवाळीचं वाक्य वेगळं, लग्नाचं वेगळं. आपण क्रमांक सांगायचा, पलीकडे छापील वाक्य पोचायचं. मला नुसता नंबर पाठवला म्हणून कुणी रुसल्याचं ऐकलंय? 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' हे तर तुम्ही स्वतः किती वेळा लिहिलं असेल. आणि 'ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो' हे कुणी रचलं कुणाला ठाऊक, पण चौकाचौकातल्या फ्लेक्सवर असतं आणि कुणाला टोचत नाही.

का टोचत नाही? कारण त्या वाक्यात गेलेल्या माणसाविषयी काहीच नसतं, म्हणून खोटंही काही नसतं. मी तुमच्या आईंना ओळखत होते असा त्याचा आवच नाही. दारात येऊन दोन मिनिटं गप्प उभं राहावं आणि जावं, तेवढंच ते करतं.

मशीनचा मजकूर थेट घरात शिरतो. हास्य, ऊब, सावली, आठवणी, सगळं माहीत असल्यासारखं बोलतो. त्याला तुमच्या आईंविषयी बहुधा एवढंच सांगितलं गेलं होतं की मैत्रिणीची आई वारली, सांत्वनाचा छान मेसेज हवा. मग त्याने हजारो आयांची मिळून एक आई केली, आणि अशा आयांचं हास्य प्रेमळच असतं. तुमच्या घरात शाळेपासून येणाऱ्या, कदाचित त्या करारी बाईंची बोलणीही खाल्लेल्या मैत्रिणीने तुम्हाला भलत्याच बाईच्या जाण्याचं दुःख कळवलं. ते तिने वाचून तरी बघायला हवं होतं. वाचून 'काकू अशा कुठे होत्या?' एवढं मनात यायला हवं होतं. राग धरायचा तर यासाठी धरा, तो रास्त आहे. मशीन वापरलं एवढ्यासाठी असेल तर सोडून द्या.

फेब्रुवारी २०२३मध्ये अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार होऊन तीन विद्यार्थी गेले. दुसऱ्या राज्यातल्या, नॅशव्हिलच्या व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठातल्या पीबॉडी कॉलेजने त्यानंतर आपल्या विद्यार्थ्यांना ईमेल पाठवली. एकमेकांची काळजी घ्या, एकत्र राहा, अशा अर्थाची. खाली एका ओळीत कबुली होती की हा मजकूर चॅटजीपीटीवरून घेतला आहे. म्हणजे लपवाछपवी काही नव्हती. तरी विद्यार्थी खवळले आणि कॉलेजला माफी मागावी लागली. मला त्या मुलांचा राग पटतो. ईमेल पाठवणाऱ्या कार्यालयाकडून त्यांच्या वाट्याला आलं ते एवढंच. एक ईमेल. त्यांच्यासाठीही कुणी पाच मिनिटं बसलं नाही.

तुमच्या मैत्रिणीकडून काय काय आलं ते तुम्हीच लिहिलंय, मात्र तक्रारीच्या मध्येच कुठेतरी, घाईत. डबा आला. बाबांना घेऊन बँक झाली. नगरपालिकेतला दाखला झाला. यातलं शेवटचं काम ज्यांनी केलंय त्यांनाच ते कळेल. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. नाव आधार कार्डावरच्या नावाशी जुळायला हवं. एक वेलांटी इकडची तिकडे झाली की बँक अडवते, विमा अडवतो, सातबाऱ्यावर वारस लावताना तलाठ्याकडे पुन्हा खेटे. तुम्हाला मेसेज करताना जिला ऱ्हस्वदीर्घाची धास्ती वाटते, ती बाई त्या खिडकीसमोर उभी राहून तुमच्या आईच्या नावातली अक्षरं निरखत होती. यातलं चॅटजीपीटीकडून करून घेण्यासारखं काही नव्हतं आणि तिने ते करून घेतलंही नाही.

मग शब्दच का उसने घेतले? उत्तर तुमच्याच पत्रात आहे. 'तुला मेसेज करायचा म्हणजे मराठीचा पेपर.' ती हसून म्हणायची म्हणून तुम्ही हसण्यावारी नेलंत. अख्ख्या पंचक्रोशीची मानपत्रं लिहिणाऱ्या बाईला तिच्या आईच्या जाण्यावर चार ओळी लिहायच्या, हे शाळेनंतर निबंध न लिहिलेल्या माणसाला किती अवघड असेल! 'काकू गेल्या, मला रडू येतंय' एवढं तिने लिहिलं असतं तर पुष्कळ झालं असतं. पण ते तुमच्यापुढे तोकडं पडेल असं तिला वाटलं असणार. तिला असं वाटायला तुमचं ऱ्हस्वदीर्घ काढणं थोडं तरी कारण आहे. हे तुम्हाला आवडणार नाही, पण सल्ला मागितलात म्हणून सांगते.

आणखी एक आवडणार नाही असं. तुम्ही स्वतः पैसे घेऊन दुसऱ्यांच्या सहीने शोकपत्रं लिहिलीत. ज्या घरी ती गेली तिथे कुणी ती घडी घालून कपाटात ठेवली असतील. अध्यक्षांना किती वाईट वाटलं होतं, देव जाणे. मग ती घरं फसली का? मला तसं वाटत नाही. वाहकांच्या घरी दोन संध्याकाळी बसणारी बाई शोकपत्र लिहितानाही शाळेच्या कारकुनाला एक फोन करत असणार. गुरुजी कोणता विषय शिकवायचे, निवृत्त कधी झाले, घरी कोण कोण आहे. सही कुणाचीही असो, त्या माणसाविषयी कुणीतरी विचारपूस केली होती आणि ती कागदावर उतरली होती. मैत्रिणीच्या मेसेजमध्ये नेमकं हेच नव्हतं. तिने मशीनला 'काकू करारी होत्या, आम्ही दोघी उशिरा आलो की दारातच उभं करायच्या' असं काही सांगितलं असतं, तर त्यानेही ते शब्दांत बसवून दिलं असतं, आणि मुलीने सगळं सांगितल्यावरही तुम्हाला एवढं लागलं नसतं.

तेव्हा करायचं ते असं. तिच्याकडे जा. फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. मला कळलंय, हे सरळ सांगा. इतके महिने तुम्ही 'कामात आहे' म्हणताय, तिला काहीतरी बिनसलंय हे कळलेलंच असेल, फक्त काय ते कळत नसेल. मुलीला मध्ये ओढू नका, ती बिचारी सहज बोलून गेली. माफीही मागायला लावू नका. एवढंच म्हणा, 'त्या मेसेजमधली बाई माझी आई नव्हती गं. तुला माझी आई कशी आठवते ते सांग.' मग ती सांगेल तसं ऐका. मोडकंतोडकं असेल, तेच तेच असेल, मध्येच तिच्या स्वतःच्या आईचा विषय निघेल. निघू दे. आणि तिची क्रियापदं सुधारू नका.

आता भाच्याचं म्हणणं. त्याला उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. २०२३मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. लोकांनी इंटरनेटवर डॉक्टरांना विचारलेले १९५ प्रश्न घेतले. त्यांना खऱ्या डॉक्टरांनी दिलेली उत्तरं आणि चॅटजीपीटीची उत्तरं शेजारी ठेवून, कुणाचं कोणतं ते न सांगता वैद्यकीय जाणकारांना दाखवली. जवळपास ७९ टक्के वेळा त्यांनी मशीनचं उत्तर जास्त चांगलं ठरवलं. सहानुभूतीच्या बाबतीत तर फारच मोठा फरक. मशीनची सुमारे ४५ टक्के उत्तरं सहानुभूतीपूर्ण वाटली, डॉक्टरांची पाच टक्केही नाहीत.

हे वाचून वाईट वाटतं. पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. डॉक्टरांचं उत्तर सरासरी ५२ शब्दांचं होतं, मशीनचं २११. डॉक्टर कामाच्या धबडग्यातून वेळ काढून, फुकट, टंकून देत होते. मशीनला पुढचा पेशंट नसतो. 'तुमची काळजी मी समजू शकते' असं पन्नास वेळा म्हणतानाही त्याचा घसा कोरडा पडत नाही. भाच्याला दिसणारी माया बरीचशी या फुरसतीची आहे. तिला मी हसत नाही. रात्री दोन वाजता ज्याच्याशी बोलायला कुणी नाही, त्याला त्या पडद्यावरच्या ओळींनीही थोडं बरं वाटतं, अशी पत्रं मला येतात. (ज्यांना जीव नकोसा झालाय त्यांनी मात्र मशीनवर थांबू नये. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे माणूस फोन उचलतो आणि मराठीत बोलता येतं.) आपल्याला लाज वाटायची तर ती वेगळ्याच गोष्टीची वाटली पाहिजे. ज्यांच्याकडे माणसं दुःख घेऊन जातात, ते डॉक्टर, शिक्षक, कारकून, यांना आपण एवढं दमवून ठेवलंय की एका यंत्राची नुसती सवडही मायेसारखी दिसते.

वाहकांचं मानपत्र मशीनला जमेल का, असं विचारता. औषधांची गोष्ट सांगितली तर वाक्य जमेल, कदाचित तुमच्यापेक्षा घोटीव. पण ती गोष्ट मुळात सांगणार कोण? वाहकांच्या बायकोला ती मानपत्रात जाण्याएवढी मोठी वाटलीच नसणार. 'ते काय, सगळेच आणतात' असं म्हणून तिने सोडून दिली असती. तुम्ही दुसऱ्या संध्याकाळीही गेलात, चहा झाला, विषय मुलांवरून गावावर गेला, तेव्हा ती निघाली असेल. तुमचं कसब वाक्यरचनेत आहे असं तुम्ही आजवर समजत आलात. मला ते त्या दुसऱ्या संध्याकाळी दिसतं.

२०२४मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या विज्ञान नियतकालिकात अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. सुमारे तीनशे जणांकडून अगदी छोट्या गोष्टी लिहून घेतल्या, काहींना एआयकडून कल्पना घेऊ दिल्या. त्यांच्या गोष्टी वाचकांना जास्त चांगल्या वाटल्या, विशेषतः जे मुळात फारसे कल्पक नव्हते त्यांच्या. पण त्या गोष्टी एकमेकींसारख्या व्हायला लागल्या. तुमच्या प्रेसच्या टेबलावर हे रोज दिसत असेल. चार गावांतले चार सेवानिवृत्त मुख्याध्यापक आणि चौघेही 'ज्ञानदीप' आणि 'वटवृक्ष'. तसं पाहिलं तर मशीन यायच्या आधीही ते वटवृक्षच होते. नक्कल करायला आपल्याला यंत्राची वाट बघावी लागली नाही. आता ती फक्त फार सोपी झालीय.

आणि ठरलेल्या साच्याला एवढं घाबरायचंही कारण नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या चाळल्या की दिसतं, चाल ठरलेली, सुरुवाती ठरलेल्या. 'पहिली माझी ओवी' म्हटलं की ती देवाला जायची हेही ठरलेलं. त्या उसन्या ओळीत दळणाऱ्या बाईने स्वतःच्या भावाचं नाव घातलं, माहेरच्या वाटेवरचा ओढा घातला, सासूचा जिव्हारी लागलेला शब्द घातला. निम्मी ओळ सगळ्यांची, निम्मी तिची एकटीची. तुमच्या मानपत्राचंही तेच आहे. 'आपले स्नेहांकित' मशीनने लिहिलं तरी चालेल. औषधांची पिशवी तुम्ही आणायची.

पोटापाण्याविषयी खोटी आशा दाखवत नाही. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, उद्घाटनाची निमंत्रणं, हे काम गेलं. ते परत येणार नाही. राहील ते घरी जाऊन बसण्याचं. सेवानिवृत्ती, अमृतमहोत्सव, सहस्रचंद्रदर्शन, पहिल्या पुण्यस्मरणाची छोटी स्मरणिका. आजोबांविषयी आठ-दहा पानं नीट लिहून हवीत, नातवंडं पुण्या-मुंबईत किंवा परदेशात, विचारायला कुणाला वेळ नाही, अशी घरं तुमच्या तालुक्यातही आहेत. त्यांना सांगा की मी घरी येऊन, सगळ्यांशी बोलून लिहून देते. पैसे पानांवर घेऊ नका, बैठकींवर घ्या. सगळी घरं देणार नाहीत, सुरुवातीला तर फार थोडी देतील, त्यामुळे प्रेसचं काम लगेच सोडू नका. टंकनासाठी, मुद्रितशोधनासाठी, अडलेल्या वाक्यासाठी मशीन खुशाल वापरा. फक्त त्या घराला तसं सांगून टाका. त्याने तुमचा दर पडणार नाही.

राहिले मालकांचे ५० रुपये. नुसतं शुद्धलेखन तपासायचं असेल तर घ्या. पण मजकुरात माणसाचं आयुष्य असेल तर तेवढ्यावर भागत नाही. किराणा दुकानदाराच्या नावावर मशीनने 'अनेक सामाजिक संस्थांची उभारणी' घातलेली असते, जन्मसाल चुकलेलं असतं, धाकट्या सुनेचं नाव गळलेलं असतं. ते बघायला घरी फोन करावा लागतो, आणि त्याला तपासणं म्हणत नाहीत. अशा मजकुराचा पूर्वीचाच दर लावा. मानपत्र छापून, फ्रेम होऊन आल्यावर चूक निघाली तर पुन्हा छापण्याचा खर्च प्रेसच्या अंगावर येतो, हे मालकांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, तेव्हा तुमचा हिशोब त्यांना समजेल. कोणत्या कामाला किती, ते कागदावर लिहून तुळशीच्या लग्नाआधी त्यांच्यापुढे ठेवा. एकदा लग्नसराई सुरू झाली की त्यांना ऐकायला वेळ नसेल आणि तुम्हाला नाही म्हणायला.